निवळशंख ते गढूळ : एका बिअरचा उलटा प्रवास

बिअर चांगली की वाईट, हे गेली पावणेदोनशे वर्षं बहुतेक लोक पिण्याआधीच ठरवत आले आहेत. ग्लास उजेडात धरायचा. पलीकडचं दिसलं तर चांगली. नाही दिसलं तर काहीतरी बिघडलंय.

आता पुण्या-मुंबईतल्या क्राफ्ट बिअरच्या ठिकाणी 'हेझी आयपीए' मागवून बघा. समोर येतो तो संत्र्याच्या रसासारखा दिसणारा पिवळट-केशरी, गढूळ ग्लास. पलीकडे धरलेलं बोटही दिसत नाही. वास आंब्याचा, पेरूचा, अननसाचा. आणि बहुतेक वेळा तिच्यात फळाचा एक थेंबही नसतो. जुन्या हिशेबानं ही बिअर ओतून द्यायला हवी होती. ती आज सगळ्यात जास्त मागणी असलेल्या प्रकारांपैकी एक कशी झाली, याचा इतिहास म्हणजे डोळा आणि नाक यांच्यातल्या भांडणाचा इतिहास आहे.

काचेनं ठरवलेली चव

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातले बहुतेक लोक माती, लाकूड किंवा धातूच्या भांड्यांतून बिअर पीत. आत काय रंग आहे, याची फारशी चौकशी नव्हती. 1842 मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सेन शहरात योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिरानं फिकट माल्ट, तिथलं मऊ पाणी आणि थंडीत संथ काम करणारं यीस्ट वापरून सोनेरी, पारदर्शक बिअर बनवली. तो प्रदेश काचेच्या कामासाठी आधीच प्रसिद्ध होता, आणि काचेचे ग्लास हळूहळू सामान्य माणसाच्या हातात येत होते. सोनेरी बिअर आणि काच यांची जोडी जमली. 1878 मध्ये जर्मनीत लोरेन्झ एन्झिंगरनं बिअर गाळायचं यंत्र आणलं आणि निवळशंख बिअर कारखान्यातून हव्या तेवढ्या प्रमाणात निघू लागली.

यात नुसती हौस नव्हती. यीस्ट आणि प्रथिनं गाळून काढली की बिअर जास्त टिकते, लांब पाठवता येते, दर बाटलीला सारखी लागते. इंग्लंडात तर बिअर निवळायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ वापरत. आपल्याकडे पाण्यात तुरटी फिरवतात, तसंच. गढूळ बिअर म्हणजे आळशी कारागीर किंवा बिघडलेला माल, हा समज त्या काळात बऱ्याचदा बरोबरही होता. बव्हेरियातली गव्हाची बिअर गढूळ आणि केळ्याच्या वासाची असायची, पण ती त्या प्रांताची रीत म्हणून चालून गेली. बाकीच्यांना ती सूट नव्हती.

गंमत अशी की, कागदावर दिसण्याला कधीच एवढं महत्त्व नव्हतं. अमेरिकेत 1985 मध्ये बिअर परीक्षकांना प्रशिक्षण देणारा 'बीजेसीपी' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यांच्या गुणपत्रिकेत एकूण 50 गुण असतात : वासाला 12, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5, एकूण परिणामाला 10 आणि दिसण्याला फक्त 3. गिऱ्हाईक मात्र त्या 3 गुणांवरच निकाल देऊन मोकळं व्हायचं.

व्हरमाँटमधला डबा

हा निकाल फिरवला अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या व्हरमाँट या लहानशा राज्यानं. तिथे ग्रेग नूनन यानं आधी कायदा बदलून घेतला आणि 1988 मध्ये बर्लिंग्टन शहरात स्वतःची बिअर बनवून विकणारा पब उघडला. त्याच्या हाताखाली जॉन किमिक तयार झाला. नूननकडचं एक यीस्ट त्याला फार आवडायचं. आंबवताना ते जर्दाळू-पीचसारखा वास सोडायचं. 2003 मध्ये किमिक आणि त्याची बायको जेन यांनी वॉटरबरी गावात 'द अल्केमिस्ट' हा पब सुरू केला आणि लवकरच तिथे 'हेडी टॉपर' नावाची 8 टक्के अल्कोहोलची, हॉप्सनं गच्च भरलेली आयपीए मिळू लागली. किमिकनं ती गाळली नाही. गाळली की वास आणि चव यांतलं बरंच काही निघून जातं, हे त्याचं गणित होतं.

28 ऑगस्ट 2011 ला 'आयरीन' वादळाच्या पुरात तो पब बुडाला. तळघरातली बिअर बनवायची सगळी सामग्री गेली. पण गावाच्या कडेला डबे भरायचा छोटा कारखाना त्यांनी नुकताच उभारला होता, तो वाचला. पुरानंतर दोनच दिवसांत तिथून हेडी टॉपरचे पहिले डबे बाहेर पडले. पबपुरती असलेली बिअर लोकांच्या गाडीत, मग घरच्या फ्रिजमध्ये जाऊ लागली आणि तिच्यासाठी रांगा लागल्या.

त्या डब्यावर ठळक सूचना होती : डब्यातूनच प्या. वास उडून जाऊ नये, हे त्यामागचं कारण. मला मात्र तिचा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा वाटतो. डब्यातून पिणाऱ्याला बिअर दिसतच नाही. दीडशे वर्षांत पहिल्यांदा डोळ्याला बाजूला बसवून निवाडा नाक आणि जिभेकडे सोपवला गेला.

पेरू आला कुठून?

हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, शंकूसारखी फुलं. उकळत्या रसात ती आधी टाकली की कडूपणा देतात; उकळणं संपल्यावर किंवा आंबत असताना टाकली की मुख्यतः वास देतात. हेझी आयपीएमध्ये बराचसा भर या उशिरा टाकलेल्या हॉप्सवर असतो. सोबत ओट्स आणि गहू. त्यांतली प्रथिनं हॉप्समधल्या पॉलिफेनॉलना चिकटतात आणि इतके बारीक कण तयार होतात की ते खाली बसत नाहीत. हाच तो गढूळपणा. त्याच धान्यांमुळे बिअर तोंडात मऊ लागते.

फळांच्या वासाचं कारण आणखी मजेशीर आहे. हॉप्समध्ये मर्सीन नावाचं तेल असतं, ते आंब्यातही असतं. गंधकयुक्त थायॉल नावाची संयुगं काही हॉप्समध्ये अगदी सूक्ष्म प्रमाणात असतात; तशीच पेरूत आणि पॅशनफ्रुटमध्ये असतात. शिवाय यीस्ट हॉप्समधली काही गंधद्रव्यं बदलून नवी बनवतं. गुलाबाकडे झुकणाऱ्या जेरॅनिऑलचं लिंबाकडे झुकणारं सिट्रोनेलॉल होतं. म्हणजे नाक चुकत नसतं. पेरूचा वास खरोखर पेरूचाच असतो, फक्त तो पेरूतून आलेला नसतो.

डोळा परत आला

2018 मध्ये अमेरिकेच्या ब्रूअर्स असोसिएशननं 'ज्यूसी ऑर हेझी' आयपीएला अधिकृत शैलीचा दर्जा दिला, आणि त्याच वर्षीच्या त्यांच्या मोठ्या स्पर्धेत सगळ्यात जास्त प्रवेशिका याच प्रकारात आल्या. दोष होता, त्याची शैली झाली. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण लोकांनी जुनीच सवय नव्यानं लावून घेतली : जितकी गढूळ, तितकी भारी. फोटोत छान दिसते म्हणून काही जणांनी बिअरमध्ये चक्क पीठ टाकून ती गढूळ केली. डोळ्यानं पक्ष बदलला, खुर्ची सोडली नाही.

म्हणून ही बिअर पारखताना गढूळपणाला त्याचे तीनातलेच गुण द्यावेत. आधी वास घ्या, पहिल्या अर्ध्या मिनिटातच, कारण तोच सगळ्यात लवकर उडतो. फळं वेगवेगळी ओळखता येतात की नुसता गोडसर गोंधळ आहे? घोट घेतल्यावर घसा जळजळला, कच्च्या पिठासारखी चव आली, तर यीस्ट किंवा हॉप्सचा गाळ खाली बसायच्या आत बिअर वाढली गेली आहे. कडूपणा कमी असला तरी शेवटी थोडा हवाच, नाहीतर सरबत होतं. आणि रंग करडा-तपकिरी झाला असेल, वास भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा असेल, तर तिला हवा लागली आहे, ती म्हातारी झाली आहे. ग्लास बर्फासारखा गार नको. गारठ्यात वास उघडत नाही.

हवा लागून लवकर बिघडणं हाच या बिअरचा मोठा दुबळेपणा, आणि इथे नावातला 'इंडिया' आठवतो. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. लंडनच्या पूर्वेला बो इथे हॉजसन कुटुंबाचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान तिथून भरपूर हॉप्सची फिकट बिअर उधारीवर उचलत आणि महिनोन्‌महिने प्रवास करून हिंदुस्थानात विकत. जे पेय विषुववृत्त दोनदा ओलांडूनही पिण्याजोगं राहायचं, त्याच्या आजच्या वारसदाराला फ्रिजबाहेर काही आठवडेही सोसत नाहीत.

आपल्यासाठी मात्र ही सोयीची गोष्ट आहे. पुण्यात 2009 मध्ये 'डूलाली' ही मायक्रोब्रूअरी सुरू झाली. हे नावही नाशिकजवळच्या देवळालीचं : तिथल्या लष्करी छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघून गोऱ्या सैनिकांची डोकी फिरत, त्यावरून इंग्रजीत हा शब्द 'वेडसर' या अर्थानं रुजला. अशा ठिकाणी हॉप्स बहुतेक परदेशी असतात, पण टाकी चार पावलांवर असते. हेझी आयपीएच्या बाबतीत दूरवरून आणलेल्या नावाजलेल्या डब्यापेक्षा ही चार पावलं जास्त मोलाची ठरतात. डब्यावर भरल्याची तारीख शोधा, ती नसेल तर ठेवून द्या. आणि पबमध्ये असाल तर ही टाकी कधी लागली, एवढं एकच विचारा.