चिनी साम्यवादी पक्षाचें पहिलें अधिवेशन : तिथि व अस्सल कागद

चिनी साम्यवादी पक्षाचा जन्मदिवस म्हणून १ जुलै १९२१ ही तारीख सर्वत्र रूढ आहे व चीन देशांत दरवर्षीं त्याच दिवशीं उत्सव होतो. तथापि ही तारीख एकाहि समकालीन कागदांत नाहीं. ती कोठून आली, खरी कोणती, आणि त्या अधिवेशनांत जें ठरलें त्यांतलें पुढें काय टिकलें, हें उपलब्ध साधनांवरून तपासावें असें आम्हांस वाटलें. इतक्या अर्वाचीन विषयांत अस्सल कागदांची वानवा असावी याचें वाचकांस नवल वाटेल. आम्हांसहि तें प्रथम वाटलें.

आधीं स्मृतीचा पुरावा पाहूं. अधिवेशनास हजर असलेल्या माओ त्से-तुंग यांनीं १९३६ सालीं एडगर स्नो या अमेरिकन वृत्तलेखकास आपली हकीकत सांगितली, तींत आपण मे १९२१ मध्यें शांघायला गेलों असें म्हटलें आहे. पुढें दोनच वर्षांनीं, मे १९३८ मध्यें, येनान येथील व्याख्यानांत त्यांनीं १ जुलै हा पक्षाचा वर्धापनदिन सांगितला. जून १९४१ मध्यें पक्षाच्या मध्यवर्ती समितीनें तो साजरा करण्याचें फर्मान काढलें. महिना जुलै एवढें आठवत होतें, दिवस आठवत नव्हता, म्हणून महिन्याची पहिली तारीख धरली, इतकाच याचा अर्थ. शिवजन्मतिथीच्या वादांत बखरकारांच्या शकाचें जेधे शकावलीपुढें काय झालें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

आतां कागद. मॉस्को येथील कॉमिंटर्नच्या दप्तरांतील चिनी पक्षाचे कागद १९५० नंतरच्या दशकांत पेकिंगला परत आले. त्यांत पहिल्या अधिवेशनाचा एक रशियन वृत्तांत निघाला. अधिवेशन २० जूनला भरावयाचें होतें, परंतु परगांवचे प्रतिनिधि २३ जुलैला कोठें शांघायला पोंचले व मग तें भरलें, असें त्यांत म्हटलें आहे. पक्षाचे सभासद अवघे ५३ होते. वृत्तांताखालीं लेखकाची सही नाहीं. म्हणून एवढ्यावरच विसंबणें धोक्याचें होतें. परंतु त्यास एका अगदीं अनपेक्षित ठिकाणाहून दुजोरा मिळतो. कँटनचा प्रतिनिधि चेन कुंग-पो हा नवपरिणीत पत्नीसह शांघायच्या एका हॉटेलांत उतरला होता. फ्रेंच हद्दीतील सभेच्या घरावर पोलिसांचा छापा पडला त्याच रात्रीं, पहांटेच्या सुमारास, हॉटेलांत शेजारच्या खोलींत एका स्त्रीचा खून झाला, असें त्यानें लौकरच एका मासिकांत लिहिलें. हा खून शांघायच्या वृत्तपत्रांत ३१ जुलैचा म्हणून नमूद आहे. अर्थात् छापा ३० जुलैच्या रात्रीचा. तेथून झालेल्या बैठका व मधले रिकामे दिवस उलट मोजले कीं २३ जुलै बरोबर येतो. १९८० सालीं शाओ वेइ-चेंग या संशोधकानें हा निर्णय प्रसिद्ध केला व पक्षाच्या इतिहासकारांनींहि तो मान्य केला. उत्सव मात्र १ जुलैलाच होतो. खुनाची बातमी इतिहासाच्या इतकी उपयोगी पडल्याचें दुसरें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

तिथीपेक्षां महत्त्वाचा प्रश्न कार्यक्रमपत्राचा. त्याचा मूळ चिनी लेख अद्यापि उपलब्ध नाहीं. छाप्याच्या वेळीं मसुदा टेबलाच्या खणांत पडला होता व पोलिसांनीं त्याकडे लक्षहि दिलें नाहीं, असें चेन कुंग-पोनें पुढें लिहून ठेविलें आहे. आज दोनच प्रती आहेत आणि दोन्ही भाषांतरें. एक मॉस्कोची रशियन. दुसरी इंग्रजी, ती याच चेन कुंग-पोनें १९२४ सालीं कोलंबिया विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधाच्या परिशिष्टांत होती. तो प्रबंध १९६० सालीं छापून निघाला. तोंवर त्याचा कर्ता राहिला नव्हता. पक्ष सोडून, शेवटीं जपान्यांच्या आश्रयाखालील नानकिंग सरकारांत शिरल्यामुळें १९४६ सालीं त्यास देहान्त शिक्षा झाली होती. पक्षानें ज्यास टाकिलें त्याच्याच दप्तरीं पक्षाचें जन्मपत्र राहिलें.

दोन्ही प्रतींत कलमांचे अंक पंधरापर्यंत जातात, आणि दोन्हींत अकरावें कलम नाहीं. एकाच जागीं सारखाच खंड असतां दोन्ही प्रती एका मातृकेवरून उतरल्या असें पोथ्या चाळणारा कोणीहि म्हणेल, व आमचेंहि मत तसेंच आहे. मात्र तें कलम मतभेदामुळें वगळलें कीं अंक घालतांना हात चुकला, याचा निवाडा या दोन साक्षींवरून होत नाहीं.

त्याच वेळच्या ठरावांत दोन गोष्टी ठळक आहेत. औद्योगिक कामगारांचे संघ उभारणें हें पक्षाचें मुख्य कार्य. आणि इतर कोणत्याहि पक्षाशीं संबंध ठेवावयाचा नाहीं. दुसरी गोष्ट दोन वर्षेंहि टिकली नाहीं. जून १९२३ मध्यें कँटनच्या तिसऱ्या अधिवेशनांत सभासदांनीं कुओमिंतांगमध्यें शिरावें असें ठरलें. १२ एप्रिल १९२७ रोजीं शांघायमध्यें च्यांग कै-शेकनें त्यांची कत्तल आरंभिली. सुमारें ५८,००० सभासदांचे वर्षअखेर जेमतेम १०,००० उरले. शहरांतील कामगारसंघ मोडले तेव्हां पहिली गोष्टहि गेली. पक्ष डोंगराळ मुलखांत शेतकऱ्यांकडे वळला, तो ग्रंथ वाचून नव्हे, जीव वांचविण्यासाठीं, असें आम्हीं समजतों. १९३१ मध्यें क्यांग्सी प्रांतांत त्याचें सरकार झालें, १९३४ च्या ऑक्टोबरांत तें सोडून पळावें लागलें, आणि १९४५ च्या सातव्या अधिवेशनापर्यंत सभासद १२ लाखांवर गेले. १९४९ च्या १ ऑक्टोबरला विजयाच्या सज्जावर पहिल्या तेरा प्रतिनिधींपैकीं माओ व तुंग पी-वू हे दोघेच उभे होते.

सातव्या अधिवेशनाच्या तोंडावर, एप्रिल १९४५ मध्यें, पक्षानें आपल्या इतिहासावर ठराव केला; तसा दुसरा १९८१ मध्यें झाला व तिसरा २०२१ मध्यें. असे ठराव ते करणाऱ्यांच्या काळाविषयीं बोलके असतात. मागील घडामोडींसाठीं मात्र कागदच हवेत. १९३५ च्या जानेवारींतील त्सुन्यी येथील बैठकीची तारीखहि अशीच घोटाळ्यांत होती. चेन युन यांच्या हातचें टिपण ओळखलें गेल्यावर तिचें स्वरूप स्पष्ट झालें.

शेवटीं एका संग्राहकाची हकीकत. १९२७ च्या कत्तलीनंतर चांग रेन-या हा शांघायचा सोनारकामाचा कारागीर कागद व पुस्तकें घेऊन निंगपोजवळच्या आपल्या गांवीं आला, तीं बापाजवळ देऊन निघून गेला. बापानें मुलगा परदेशीं मेला असावा असें लोकांत पसरविलें, डोंगरावर रिकामी कबर बांधिली व पुडकें तींत ठेविलें. मुलगा १९३२ सालींच वारला होता. बापास तें ठाऊक नव्हतें. नवी राजवट आल्यावर त्यानें कबर उघडली, आणि मुलाचें नांव व हे ग्रंथ वीस वर्षांहून अधिक काळ डोंगरांतील विवरांत दडविल्याची नोंद यांचे शिक्के खोदवून त्यांवर उमटविले. त्यांत १९२२ च्या दुसऱ्या अधिवेशनाचे ठराव छापील निघाले, पक्षाच्या पहिल्या घटनेसह. पहिल्या अधिवेशनाचा कागद त्यांत नव्हता.