उरलेली सीट आणि १९८६ साल

आजचा एपिसोड एका फोनमुळे झालाय.

रात्री साडेअकराला ताईचा फोन. ती तेव्हा गडचिरोली जिल्ह्यात एका पीएचसीत बॉण्डची नोकरी करत होती. क्वार्टरमध्ये रेंज नाही, म्हणून पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून बोलत होती. "तीन राउंड गेले रे, सीट नाही. आता फक्त स्ट्रे राउंड. उद्या लिस्ट लॉक करायची. तू कोडिंग करतोस ना, सांग काय भरू?"

कोडिंग येतं म्हणजे सगळंच येतं, असं आमच्या घरी समजतात. टीव्हीचा रिमोट बिघडला तरी मलाच विचारतात. पण ह्या वेळी प्रश्न खरंच माझ्या विषयातला निघाला. आणि त्याचा इतिहास सुरू होतो थेट अमेरिकेत.

१९४०च्या दशकात तिथली हॉस्पिटलं चांगली पोरं दुसऱ्याने पळवू नयेत म्हणून डिग्रीच्या दोन-दोन वर्षं आधीच जागा देऊन टाकायची. ते थांबवलं, तर उलटंच झालं. तार यायची: जागा आहे, काही तासांत हो-नाही कळवा. शेवटी १९५२ साली 'मॅच' सुरू झाली. विद्यार्थ्याने आपली पसंतीची यादी द्यायची, हॉस्पिटलने आपली, आणि जुळवाजुळव एका ठरलेल्या पद्धतीने. १९६२ मध्ये गेल आणि शॅप्ली ह्या दोन गणितज्ञांनी अशा जुळवणीचं गणित मांडलं. १९८४ मध्ये अल्विन रॉथने दाखवलं, की डॉक्टर मंडळी दहा वर्षं आधीपासून जवळपास तेच करत होती! रॉथ आणि शॅप्लीला २०१२चं नोबेल मिळालं.

ज्यांचं जुळलं नाही त्यांच्यासाठी होतं 'स्क्रॅम्बल'. नाव अगदी बरोबर, कारण उरलेल्या जागांसाठी नुसती फोन आणि फॅक्सची झुंबड. २०१२ पासून तिथेही शिस्त आली: उरलेल्या जागांची यादी मिळते, जास्तीत जास्त ४५ ठिकाणी अर्ज, मग टप्प्याटप्प्याने ऑफर.

आता १९८६. तक्रार जुनीच होती, की खेड्यातल्या हॉस्पिटलांच्या जागा रिकाम्या राहतात, म्हणजे अल्गोरिदम शहरांच्या बाजूचा असणार. रॉथने सिद्ध केलं की तसं नाही. लोकांच्या याद्या त्याच असतील, तर एका स्थिर जुळवणीत ज्या हॉस्पिटलच्या जागा भरल्या नाहीत, त्याला कुठल्याही स्थिर जुळवणीत तेच आणि तेवढेच डॉक्टर मिळतात. ह्याला 'रूरल हॉस्पिटल थिअरम' म्हणतात. कोड कितीही रीफॅक्टर करा, आउटपुट तेच.

आपल्याकडे तर कॉलेजला वेगळी पसंतीच नसते. रँक हीच पसंती. एक नंबरवाला आधी निवडतो, मग दोन नंबरवाला, असं खालपर्यंत. त्यामुळे शेवटी काय उरतं ते वरच्यांच्या याद्याच ठरवतात. नीट-पीजी २०२१ मध्ये आठ-नऊ राउंड होऊनही १,४५६ सीटा रिकाम्या राहिल्या, त्यातल्या बहुतेक नॉन-क्लिनिकल. आणखी एक राउंड घ्या म्हणून मुलं सुप्रीम कोर्टात गेली. १० जून २०२२ला कोर्टाने नकार दिला: जागा भरण्यासाठी दर्जाशी तडजोड नको. आणि सव्वा वर्षाने, सप्टेंबर २०२३ मध्ये, कटऑफ थेट शून्य पर्सेंटाइलवर आणला गेला. मला ते अजून नीट पचलेलं नाही.

ताईला मी तीन गोष्टी सांगितल्या. "वर मोठं नाव टाकलं तर चान्स वाया जातो" हे हॉस्टेलचं ज्ञान विसर. मशीन तुझ्या यादीत वरून खाली येतं आणि पहिली रिकामी सीट देतं, त्यामुळे खरी आवड त्याच क्रमाने लिही. आकडे बघायचे तर मागच्या वर्षीच्या शेवटच्या राउंडचे बघ. आणि जिथे जाणारच नाहीस ते काढून टाक, कारण स्ट्रे राउंडला सीट लागली आणि जॉइन झाली नाहीस तर डिपॉझिट जातं, वर एक वर्ष परीक्षेला बंदी. हे सगळ्यात महत्त्वाचं. घाबरून शंभर चॉइस भरणारे इथेच फसतात.

तिला बालरोग हवं होतं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या पीएचसीचं पण हेच ना? कुणाच्या यादीत नाही, म्हणून रिकामं."

गंमत बघा. रॉथचा तो पेपर आला त्याच १९८६ साली अभय आणि राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून शिकून येऊन गडचिरोलीत कामाला लागले. चंद्रपूरमधून वेगळा होऊन जिल्ह्याला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. हेमलकशाला प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३च्या सुमारासच पोचले होते. ह्या चौघांची यादीच वेगळी होती. पण अशा याद्या करणारी माणसं किती मिळणार? बंगांनी हे ओळखलं. डॉक्टरची वाट बघत बसण्यापेक्षा गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ला लॅन्सेटमध्ये निकाल छापून आला: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी.

सरकारनेही याद्या बदलायचा प्रयत्न केला. दुर्गम भागात सरकारी नोकरी केली तर पीजी प्रवेशाला वर्षाला १० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ३० टक्के गुण वाढवून द्यायची सोय नियमांत आली. २०२० पासून पीजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढणं सक्तीचं झालं. चंद्रपूरला २०१५ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, गडचिरोलीचं २०२४ मध्ये. तीन महिन्यांनी पोरं परत जातात हे खरं, पण काही जण तरी ही जागा डोळ्यांनी बघून जातात.

रिझल्ट आला तेव्हा ताई ओपीडीत होती, म्हणून मीच लॉगिन करून बघितलं. अकरावा चॉइस, कम्युनिटी मेडिसिन. बालरोग नाही. ती दोन दिवस फारसं बोलली नाही, तिसऱ्या दिवशी जॉइन झाली.

परवा मी तिला विचारलं, तुझ्या जागी पीएचसीत कोण आलं?

"जाहिरात निघालीय," म्हणाली. "दुसऱ्यांदा."