‘मला सवय आहे’: एका दाव्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

एका टॅबमध्ये पेपर उघडा, दुसऱ्यात व्याख्यान चालू, मांडीवर नेटचे नोट्स आणि हाताशी मोबाईल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा अभ्यास असाच चालत असणार. घरचे म्हणतात, ‘एक ना धड भाराभर चिंध्या’. त्यावर आपलं उत्तर ठरलेलं: ‘मला सवय आहे’. आज या उत्तराचाच इतिहास बघू. मानसशास्त्रात हा दावा पुन्हा पुन्हा तपासला गेलाय, आणि तो कसा तपासला गेला हे संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी बघण्यासारखं आहे.

सुरुवात १८८७ पासून करू. फ्रेडरिक पोलाँ या फ्रेंच अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग केले. तोंडाने एक कविता म्हणायची आणि हाताने दुसरीच लिहायची. मग त्याने वेळ मोजला. ४२,१३,१२,२१२ या संख्येला २ने गुणायला ६ सेकंद, कवितेच्या चार ओळी म्हणायला ६ सेकंद आणि दोन्ही एकदम करायलाही ६ सेकंदच! म्हणजे एक काम फुकटात झालं. पण जरा थांबा. प्रयोगातली व्यक्ती एकच, तीही प्रयोग करणारा स्वतः. कविता पाठ असलेली, गुणाकार अगदी सोपा. विल्यम जेम्सने १८९०च्या आपल्या ग्रंथात हे प्रयोग घेतले आणि मर्यादा नेमकी सांगितली: फार सरावाच्या क्रिया असतील तर दोन-तीन एकत्र चालतील, एरवी लक्ष इकडून तिकडे हेलकावे खातं.

गंमत म्हणजे त्याच १८८७ साली मुंबईत फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये श्रीमद् राजचंद्रांनी शतावधानाचा प्रयोग करून दाखवला होता. वय होतं एकोणीस. पुढे १८९१ मध्ये गांधीजींनी त्यांची परीक्षा घेतली, परदेशी भाषांतले शब्द एकामागून एक सांगून. त्यांनी ते त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले. ‘आपल्याकडे हे आधीच होतं’ असं म्हणायचा मोह इथे होतो, पण अवधानात काय होतं ते नीट बघा. प्रश्न एकामागून एक येतात, तुकड्यातुकड्यांनी येतात, आणि अवधानी प्रत्येक तुकडा सांभाळून ठेवतो. अचाट आहेच, पण ती स्मरणाची आणि वळण्याची कमाल आहे. शंभर गोष्टींचा विचार एकाच क्षणी चालू नसतो.

वळण्याची किंमत पहिल्यांदा नीट मोजली आर्थर जर्सिल्डने, कोलंबिया विद्यापीठात, १९२७ मध्ये. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण तो तुम्ही आत्ता कागद-पेन्सिल घेऊन करू शकता. दोन अंकी संख्यांची यादी घ्या. एकदा सगळ्यांत ३ मिळवत जा, एकदा सगळ्यांतून ३ वजा करत जा. तिसऱ्यांदा एकीत मिळवा, पुढचीतून वजा करा, पुन्हा मिळवा. तिसऱ्या यादीला जास्त वेळ लागतो. बेरीज-वजाबाकी तीच, वाढीव वेळ फक्त बदलाचा. आणखी एक बारकावा: जर्सिल्डने संख्या आणि शब्द एकत्र मिसळले, संख्येतून वजा करायचं आणि शब्दाचा विरुद्धार्थी सांगायचा. तेव्हा तो तोटा जवळजवळ दिसेनासा झाला, कारण समोरची गोष्टच सांगते की काय करायचंय.

पुढची कित्येक वर्षं या कामाकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. १९९५ मध्ये रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी त्यातली फट दाखवली: मिश्र यादीत दोन्ही कामं डोक्यात धरून ठेवावी लागतात, मग वाढीव वेळ बदलाचा की त्या ओझ्याचा? म्हणून त्यांनी क्रम ठेवला: तेच काम दोनदा, मग दुसरं दोनदा. आता एकाच यादीत ‘बदल’ आणि ‘पुनरावृत्ती’ दोन्ही सापडतात, ओझं सारखंच. बदलाची किंमत तरीही उरली, आणि तयारीला अर्धा सेकंद किंवा जास्त वेळ दिला तरी पूर्ण गेली नाही. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना ‘गॅप’ शोधा असं सगळे सांगतात ना? गॅप अशी असते.

(‘मल्टीटास्किंग’ हा शब्द तर १९६०च्या दशकातल्या कॉम्प्युटरवाल्यांचा. एकच प्रोसेसर कामांमध्ये भराभर उड्या मारतो, आपल्याला वाटतं सगळं एकदम चाललंय.)

‘सवय आहे’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा १९७६चा आहे. स्पेल्की, हर्स्ट आणि नायसर यांनी कॉर्नेलमध्ये दोन विद्यार्थ्यांना कथा वाचता वाचता कानावर पडणारे शब्द लिहायला लावले, आठवड्यातून पाच दिवस, सतरा आठवडे. सुरुवातीला वाचनाचा वेग कोसळला. सुमारे सहा आठवड्यांनी तो पूर्ववत झाला, समजही टिकली. म्हणजे सवय लागते, हे खरं. पण लिहिलेल्या शब्दांचं काय? ओळीने एकाच प्रकारचे शब्द आले तरी त्यांच्या ते सुरुवातीला लक्षातच येईना. त्यासाठी वेगळा सराव करावा लागला. आणि एवढा सराव ठरवून, रोज, त्याच दोन कामांचा होता. व्हॉट्सॲपवर पुढचा मेसेज काय येईल याचा सराव कसा करणार?

वर्गातले प्रयोग थोडक्यात सांगते. २०१३ मध्ये साना, वेस्टन आणि सेपेडा यांनी दाखवलं की व्याख्यानात लॅपटॉपवर इतर कामं करणाऱ्यांचे गुण ११ टक्क्यांनी कमी आले. आणि फक्त कागद-पेन घेऊन बसलेल्या, पण ज्यांना असे लॅपटॉप दिसत होते, त्यांचे १७ टक्क्यांनी! २००९चा स्टॅनफर्डचा गाजलेला पेपर मात्र जपून वापरा. सतत अनेक माध्यमं वापरणाऱ्यांना नको ते गाळता येत नाही, असं त्यात आढळलं होतं. पण २०१७ मध्ये पुन्हा केलेल्या प्रयोगांत आणि मेटा-ॲनालिसिसमध्ये हा परिणाम खूपच लहान निघाला. शिवाय तो सहसंबंध आहे, कारण नव्हे.

आपल्या कामाचा प्रयोग मुद्दाम शेवटी ठेवलाय. २००६ मध्ये फोर्डे, नोल्टन आणि पोल्ड्रॅक यांनी लोकांना चित्रांच्या पत्त्यांवरून हवामानाचा अंदाज करायला शिकवलं, कधी नुसतं, कधी सोबत कानावर पडणारे सूर मोजायला लावून. नंतर अंदाज दोन्ही वेळचे जवळपास सारखेच बरोबर आले. पण कोणत्या पत्त्याचा कोणत्या हवामानाशी संबंध आहे असं विचारल्यावर, सूर मोजत शिकलेलं त्यांना नीट सांगता येईना. एकाग्रपणे शिकताना मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा संबंध दिसला, लक्ष विभागलेलं असताना स्ट्रायटमचा, म्हणजे सवयी जिथे घडतात त्या भागाचा. बहुपर्यायी प्रश्नाला एवढं कदाचित पुरेल. पीएचडीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, ‘हे असं का?’