एक ठोका जादा

कोट चढवा, गळ्याभोवती मफलर घट्ट गुंडाळा. तुम्ही अॅमस्टरडॅममध्ये आहात, साल 1967. ओव्हरटूम रस्त्यावरून ट्राम खडखडत गेली आणि मागोमाग सायकलींचा लोंढा घंट्या वाजवत तुमच्या अंगावरच आला. सरका बाजूला! हेरिंगच्या गाडीपाशी ही गर्दी. खारा मासा, चिरलेला कच्चा कांदा आणि शेजारच्या गृहस्थांच्या सिगारेटचा धूर, तिन्ही वास एकदमच नाकात शिरतात. माशाचा तुकडा काडीला टोचून तुम्ही तोंडात टाकणार, एवढ्यात छातीत धाडकन काहीतरी सुटतं.

मिनिटाला 200 ठोके. कसलीही पूर्वसूचना नाही. गळ्यातल्या शिरा ताडताड उडताहेत, शर्टाचं वरचं बटण थरथरतंय, तळहात ओले झालेत. ही कटकट तुम्हाला शाळेपासूनची. श्वास कोंडून कुंथून बघा. गार पाण्यात तोंड बुडवा. कधी थांबतं, कधी तासभर हलत नाही. आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत नाडी हटकून शहाण्यासारखी चालायला लागलेली असते. डॉक्टर पाठीवर थोपटून म्हणतात, फार विचार करता तुम्ही.

म्हणून आज जवळच्याच विल्हेल्मिना गॅस्टहाउस रुग्णालयात आत या. प्राध्यापक डर्क ड्युरर यांच्या विभागात हाइन वेलेन्स आणि इतर तरुण डॉक्टर असल्याच पळत्या हृदयांच्या मागे लागलेत.

टेबल थंडगार, पाठीला चटका बसावा इतकं. खोली झाकोळलेली. स्पिरिट, रबर आणि तापलेल्या यंत्रांचा वास. शिशाचे जड एप्रन घातलेली माणसं तुमच्याभोवती दाटीवाटीने उभी. तुम्हाला झोपवणार नाहीत, सगळं जागेपणी. जांघेत सुई टोचते, मग नुसता दाब, आणि शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत सरकत जातात. त्या आत फिरताना काही कळत नाही. मधूनच एखादा ठोका चुकतो, तेवढीच खूण.

आणि आता ही मंडळी काय करतात? तुमचा झटका मुद्दाम सुरू करतात!

यंत्रातून विजेचा एक इवलासा इशारा, नेहमीच्या ठोक्याच्या जरा आधी. झालं, सुटलं हृदय. तीच धडधड, तोच घाम. कागदाची पट्टी सरसर बाहेर पडतेय, तिच्यावर दाटीवाटीने उभी टोकं. मान वळवून नीट बघून घ्या. इतकी वर्षं ज्याला मनाचे खेळ म्हणत होते, ते हे शाईत उतरलंय.

तुमच्या हृदयात वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा स्नायूचा एक जादा धागा जन्मापासून आहे. वीज राजरस्त्याने खाली उतरते, या चोरवाटेने पुन्हा वर चढते आणि गोल गोल फिरत राहते. वरचे कप्पे नुसतेच थरथरायला लागले, तर तो सगळा गोंधळ चोरवाटेने थेट खाली येतो आणि जिवावर बेततं. म्हणूनच उशाशी शॉकचं यंत्र तयार ठेवलंय.

पण आज शॉक द्यायचा नाही. पळणाऱ्या हृदयाला आणखी एक ठोका द्यायचा! वणवा पोहोचायच्या आधी जाळरेषा मारून ठेवतात, तसंच हे. नुकताच आकसलेला स्नायू क्षणभर नव्या इशाऱ्याला दाद देत नाही. फिरती लाट तिथे येते आणि पुढे वाटच नसल्याने विझते. अडचण वेळेची. दोन ठोक्यांमध्ये जेमतेम 300 मिलिसेकंद, आणि त्यातली एक चिंचोळी फट गाठायची. यंत्राची कळ किंचित फिरते. हुकलं. आणखी किंचित. हुकलंच. तुमच्या नाकात मगाचा कांदा अजून आहे, आणि ही माणसं काट्यावर डोळे लावून बसलीत.

टक्.

छातीत पोकळी. मग एक दणकट ठोका, आणि त्याच्यामागून रांगेत, सावकाश, बाकीचे. हुश्श करू नका इतक्यात. ते पुन्हा सुरू करणार आहेत. पुन्हा थांबवायला.

दुसऱ्या खेपेला घाम कमी येतो, बघा. वाटेल तेव्हा येऊन वाटेल तेव्हा जाणारा हा पाहुणा आज कोणाच्यातरी बोटाच्या इशाऱ्यावर ये-जा करतोय. पुढच्याच वर्षी अमेरिकेतले डॉक्टर एका रुग्णाच्या शरीरात पेसमेकर बसवून तो लोहचुंबकाने चालवल्याचं छापतील. झटका आला की चुंबक वर धरायचा, बस्स.

तुम्हाला मात्र आत्ता वेगळीच घाई झालीय. हृदय असं बराच वेळ पळालं की लघवी जोरात लागते. पण उठायचं नाही. जांघेवर वाळूची पिशवी आहे. संकोच सोडा आणि भांडं मागा. नर्सबाईंना यात काही नवं नाही.