जुना फोनोग्राफ आणि मेणांतील आवाज

जुना फोनोग्राफ विकत घेणाऱ्याचें लक्ष प्रथम त्याच्या कर्ण्याकडे व लांकडी पेटीकडे जातें. जाणकार मात्र आधीं त्याची सुई तपासतो. असें कां, हें या यंत्राच्या इतिहासावरूनच कळतें.

१८७७ सालीं एडिसननें पहिला आवाज कथिलाच्या वर्खावर उमटविला. पण तो वर्ख कांहीं वेळां वाजवितांच निकामी होई. पुढें मेणाचीं नळकांडीं आलीं, आणि १८९८ सालीं निघालेल्या, चावीवर चालणाऱ्या ‘स्टँडर्ड’ फोनोग्राफनें तीं घरांघरांत पोंचविलीं. त्यांवर इंचास १०० खांचा असत व तीं सुमारें दोन मिनिटें वाजत. १९०८ सालीं इंचास २०० खांचांचें, चार मिनिटांचें नळकांडें निघालें. या बारीक खांचांवर पूर्वीची जाड सुई चालविली, तर त्या खरवडून निघतात.

यंत्राची दुरुस्ती त्या मानानें सोपी. तुटलेली स्प्रिंग बदलतां येते, घट्ट झालेलें वंगण काढतां येतें, ध्वनिपेटींतील कडक रबर नवें घालतां येतें. मेणाचें तसें नाहीं. त्यास बुरशी खाते. थंड नळकांडें हाताच्या उबेनेंहि तडकतें. म्हणून तें आंतून दोन बोटांनीं धरावें, व दुर्मिळ असेल तर वाजवूंच नये.

१८७८ सालीं सेंट लुई येथें मुद्रित झालेल्या वर्खावरील आवाज २०१२ सालीं सुई न लावतां, केवळ प्रकाशाच्या साहाय्यानें ऐकूं आला. कोणीतरी तो वर्ख टाकून दिला नव्हता, म्हणूनच हें साधलें.