प्रायश्चित्त, पश्चात्ताप आणि पुनरुत्थान : मराठी ख्रिस्ती परंपरेतील ईस्टरचा अर्थ

ईस्टर या सणाला मराठीत स्वतःचे असे एकच नाव नाही. ‘ईस्टर’ हा शब्द इंग्रजीतून आला. त्याचा उगम एका जुन्या वसंतदेवतेच्या नावात आहे असे आठव्या शतकातील इंग्लिश इतिहासकार बीड सांगतो. गोमंतकात पोर्तुगीजांच्या द्वारे आलेला ‘पास्क’ हा शब्द रुळला. त्याचे मूळ ‘पेसाख’ या हिब्रू शब्दात असून, मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी त्याच हिब्रू शब्दासाठी ‘वल्हांडण’ असा देशी शब्द योजला. संहारक दूत इस्राएलांची घरे ओलांडून गेला, या कथेशी तो चपखल जुळतो. तिसरा शब्द ‘पुनरुत्थान’. तो सणाचे नाव नव्हे, सणाचा विषय होय; तरीही मराठी प्रवचनांत आणि प्रार्थनांत खरा भार या तिसऱ्याच शब्दाने वाहिला आहे.

या शब्दाची निवड विचारपूर्वक झालेली दिसते. नव्या कराराच्या ग्रीक मुळात ‘आनास्तासिस’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ उठून उभे राहणे. संस्कृतातील ‘उत्थान’ हा अर्थाने तसाच आणि व्युत्पत्तीनेही सगोत्र शब्द, कारण दोहोंच्या मुळाशी ‘स्था’ हाच आर्यभाषाकुलातील धातू आहे. भाषांतराच्या इतिहासात असे योग क्वचित येतात. मात्र मराठी श्रोत्याच्या कानात ‘उत्थान’ म्हणताच कार्तिकी एकादशीला निद्रेतून उठणारा विष्णू उभा राहतो, आणि ‘पुनः’ या उपसर्गाने पुनर्जन्माची आठवण होते. ख्रिस्ती उपदेशकाला तर जन्ममरणाच्या फेऱ्याची नव्हे, एकदाच घडलेल्या घटनेची गोष्ट सांगायची होती. हा पेच केवळ कोशकारांचा नव्हता. आपले जुने जीवन संपून नवे सुरू झाले, असे ज्या माणसाला वाटत होते त्याला ते सांगण्यासाठी कोणता शब्द हाती होता, असा हा प्रश्न होता.

पहिला मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स या इंग्लिश जेझुइटाचा. 1579 मध्ये तो गोव्यास आला आणि 1619 मध्ये तेथेच वारला. 1616 मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त त्याने सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा ओवीत सांगितली. ज्या नवख्रिस्ती लोकांची पुराणे हिरावली गेली होती त्यांच्या हाती दुसरे पुराण द्यावे, हा त्याचा हेतू. त्याने स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकातील भाषांतरकारांना तसे धाडस झाले नसते. परंतु 1684 मध्ये पोर्तुगीज राजप्रतिनिधीने देशी भाषा सोडून देण्याचा हुकूम काढला आणि या परंपरेचा प्रवाह क्षीण झाला. पुढे घाटावर जे घडले ते जवळजवळ नव्याने सुरू करावे लागले.

घाटावरील ही नवी सुरुवात स्कॉटिश, अमेरिकन व इंग्लिश प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या हातून झाली. तिची पहिली कठीण परीक्षा मात्र मुंबईत झाली. 1843 मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेतील नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. तो अज्ञान असल्याने वडिलांनी सुप्रीम कोर्टाकडे धाव घेतली आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. पण घरी परतलेला मुलगा जातीत परतला नव्हता. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, असा पुरस्कार ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी केला, आणि त्यावरून मुंबईच्या ब्राह्मणसमाजात तट पडले. एका घरातील दोन भावांपुढे नव्या जीवनाचे दोन मार्ग अशा रीतीने एकाच वर्षी उघडले. त्या वादाचा इतिहास बहुधा सुधारकांच्या बाजूने लिहिला गेला आहे, आणि ते योग्यही आहे; परंतु धर्मभाषेच्या दृष्टीने त्यातील मर्म वेगळे आहे.

प्रायश्चित्त हा विधी होय. तो दुसऱ्याने द्यावयाचा असतो, त्याची साक्ष समाज असतो आणि त्याचे फळ म्हणजे पूर्वस्थितीत परत येणे. पश्चात्तापात साक्षी कोणी नसतो. ग्रीक ‘मेटानोइया’चा मूळ अर्थ मन पालटणे असा आहे. मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी ‘पश्चात्ताप’ हा शब्द घेतला, तेव्हा अर्थाला एक वेगळाच दाह चिकटला. मागाहून होणारी ती जळण आहे. वारकरी संतांच्या ‘अनुतापा’शी हा शब्द नात्याने जोडलेला असल्याने मराठी श्रोत्याला तो परका वाटला नाही. उपवासकाळाचे चाळीस दिवस आत्मपरीक्षणात घालवून ईस्टरच्या पहाटे उठावे, ही कल्पना मराठीत रुजली ती या शब्दाच्या आधाराने.

नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या मुलखात, जालन्यास आले. जालना तेव्हा औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, परिसरातच गणले जाई. त्याचा स्वतंत्र जिल्हा 1981 मध्ये झाला. दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून शेषाद्रींनी जालन्याजवळ ‘बेथेल’ हे ख्रिस्ती गाव वसवले. त्यात आले ते बहुतांशी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे लोक. श्रीपतासाठी शास्त्रात परतीची वाट तरी शोधता आली; या लोकांसाठी प्रायश्चित्ताला अर्थच नव्हता, कारण परतण्यासाठी आधी आत असावे लागते. त्यांच्या बाबतीत ‘उत्थान’ या शब्दाचा उच्चार कोणत्या कानांनी ऐकला गेला असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

येथे एक विसंगती दिसते. शेषाद्री ज्या प्रेस्बिटेरियन परंपरेतले होते ती वार्षिक सणांकडे संशयाने पाहणारी होती. तिच्या मते प्रत्येक रविवार हाच पुनरुत्थानाचा दिवस. त्याउलट औरंगाबादेस चर्च मिशनरी सोसायटीचे काम होते, आणि तेथे रतनजी नौरोजी या पारशी कुळात जन्मलेल्या धर्मगुरूंनी दीर्घ काळ सेवा केली. ती अँग्लिकन परंपरा. तिच्यात राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार असा सारा क्रम पाळला जाई. म्हणजे जवळजवळच्या दोन गावांत एकाच विषयाचे दोन पंचांग होते. (पंचांगाचाच विषय निघाला म्हणून : वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार तो ईस्टर, त्यामुळे हा सण फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेच्या आसपास पडतो आणि मराठी माणसाला त्याची बदलती तारीख समजावून सांगावी लागत नाही.) 1970 मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा या निरनिराळ्या परंपरा औपचारिकपणे एकत्र आल्या. रोमन कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत 1977 मध्ये निर्माण झाला.

ज्या एका माणसाने या शब्दांना घरचे केले तो मात्र कोणत्याच पंचांगात पुरता बसणारा नव्हता. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. त्याची किंमत घरातच मोजावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या अभंगांवर पोसलेल्या टिळकांना पश्चात्तापाची भाषा भाषांतरातून शिकावी लागली नाही. त्यांची भजने आजही ‘उपासना संगीत’ या प्रार्थनासंग्रहातून गायिली जातात. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोघांनाही स्थान होते. ज्या बाप्तिस्म्यासाठी त्यांनी घर गमावण्याची तयारी ठेवली होती, त्यालाच त्यांनी दाराची अट मानले नाही. मनाचे पालटणे विधीच्या आधी येते, ही श्रद्धा याहून स्पष्टपणे कृतीत उतरवलेली मराठीत दुसरीकडे सापडणे कठीण.

1919 साली ईस्टर 20 एप्रिलला होता. 9 मे रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवर थांबलेले होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. ज्यांचे शिक्षण लग्नानंतर घरीच आणि जेमतेम झाले होते, त्या विधवेने साठांहून अधिक अध्याय लिहिले. क्रूसावरील मरण आणि रिकामी कबर हा काव्याचा उत्तरार्ध त्यांच्याच वाट्याला आला. 1936 मध्ये त्या वारल्या. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त याने लिहिला आणि ग्रंथ 1938 मध्ये प्रसिद्ध झाला.