पट्टीची मागची बाजू

छापील पुस्तक हातात घेतलं की पानांचा क्रम आपण गृहीतच धरतो. प्राचीन चीनमधल्या हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना ही चैन परवडत नाही.

कागद रूढ होण्यापूर्वी तिथे बांबूच्या अरुंद पट्ट्यांवर शाईने लिहीत. एका पट्टीवर सहसा एकच ओळ, वरून खाली. मग पट्ट्या दोऱ्याने बांधून चटईसारखी गुंडाळी करत. रेशमावरही लिहीत, पण ते महाग. थडग्यात दोन हजार वर्षांत दोरा कुजतो आणि आपल्या हाती येतात सुट्या पट्ट्या.

आता, क्रमाने एवढा काय फरक पडतो? १९७३ मध्ये छांगशा शहरातल्या मावांगत्वेई इथे, इ.स.पू. १६८ च्या थडग्यात, लाओत्सेच्या ग्रंथाच्या दोन रेशमी प्रती मिळाल्या. दोन्हींत 'ते' हा भाग आधी आणि 'ताओ' नंतर आहे. आज छापतात त्याच्या बरोबर उलट!

१९९३ मध्ये हूपेई प्रांतात क्वोत्येन इथे त्याहून जुन्या, इ.स.पू. ३०० च्या सुमाराच्या पट्ट्या सापडल्या. त्यांत याच ग्रंथाचा साधारण दोन पंचमांश मजकूर तीन गटांत आहे. हे गट पाडले ते पट्ट्यांची लांबी, टोकांचा आकार आणि दोऱ्याच्या खुणांमधलं अंतर पाहून. गटाच्या आतला क्रम मात्र अवघड. वाक्य पुढच्या पट्टीवर चालू राहत असेल तर ठीक. पण परिच्छेद पट्टीच्या टोकाशीच संपला तर? तिथे आजचा पाठ समोर ठेवून पट्ट्या लावल्या आणि मग 'जुना पाठ आजच्यासारखाच आहे' म्हटलं, तर आपण आपल्याच शेपटीमागे धावतोय.

२०१० नंतर एक नवा पुरावा चर्चेत आला. पेकिंग विद्यापीठाच्या संग्रहातल्या हान काळातल्या पट्ट्यांच्या पाठीवर तिरप्या रेघा कोरलेल्या दिसल्या. पट्ट्या योग्य क्रमाने लावल्या की रेघ सलग जुळते. पुढे इतर संग्रहांतही अशा रेघा अभ्यासल्या गेल्या. तोवर छापील आवृत्त्यांत बहुधा पुढचीच बाजू दिसायची. लिहिलेलं तिथेच होतं ना! अर्थात रेघही शेवटचा शब्द नाही. लिहिताना बिघडलेली पट्टी टाकून दिली असेल, तर रेघ मध्येच तुटते.

मीही पहिल्या वर्षी फक्त छापील पाठावरूनच टिपणं काढायचो. आता नवी आवृत्ती हाती आली की आधी पाहतो: हा क्रम कुणी लावला, आणि कशाच्या आधारावर? तुमचं साधन चिनी असो वा मोडी, हा प्रश्न प्रस्तावना वाचतानाच विचारा. प्रबंध अर्धा लिहून झाल्यावर तो फार महाग पडतो.